गवताळ रानाचा करारनामा

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२६ हे वर्ष 'आंतरराष्ट्रीय कुरणे आणि पशुपालक वर्ष' म्हणून जाहीर केले आहे. हा प्रस्ताव मंगोलियाने मांडला होता आणि मार्च २०२२ मध्ये तो मंजूर झाला. अशी वर्षे येतात आणि जातात. टपाल तिकिटे निघतात, परिसंवाद होतात आणि विषय पुन्हा फायलीत जातो. या वर्षाच्या नावाकडे मात्र लक्ष द्यायला हवे. कुरण आणि पशुपालक हे दोन शब्द त्यात एकाच दमात उच्चारलेले आहेत. गेल्या शंभर वर्षांतील वन्यजीव संरक्षणाच्या विचाराने या दोघांना बहुतेक वेळा एकमेकांसमोर उभे केले होते. गवत वाचवायचे तर गुरे हटवा, हे त्या विचाराचे साधे सूत्र होते.

हे सूत्र किती अपुरे होते, हे आता आकडेच सांगतात. मे २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी यंत्रणेने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील निम्म्यापर्यंत कुरणांची प्रत खालावली आहे. त्याआधी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७० पासून त्या खंडातील पक्ष्यांची संख्या सुमारे २९० कोटींनी घटली असून, सर्वात मोठा फटका गवताळ प्रदेशातील पक्ष्यांना बसला आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. या पक्ष्यांची संख्या निम्म्याहून कमी झाली. एवढी हानी होण्याचे कारण उघड आहे. जंगल तोडले तर ते दिसते. गवत नांगरले तर शेत हिरवेच दिसते आणि कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

ज्या अमेरिकेत हे घडले, त्याच अमेरिकेच्या एका कोपऱ्यात गुरेपालक आणि निसर्गरक्षक यांनी तीस वर्षांपूर्वी एक वेगळा प्रयोग मांडला. अॅरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांचा दक्षिण भाग मेक्सिकोच्या सीमेला भिडतो, तेथील सुमारे आठ लाख एकरांचा हा टापू आहे. क्षेत्रफळाने तो बृहन्मुंबईच्या पाचपट भरेल. वस्ती मात्र इतकी विरळ की शेजाऱ्याच्या घरी जायचे तर गाडीच काढावी लागते. 'मालपाई बॉर्डरलँड्स ग्रुप' या नावाने १९९४ मध्ये येथे एक संस्था नोंदवण्यात आली. पुढाकार घेणारे बहुतेक जण रँचर होते. रँच म्हणजे हजारो एकरांवर पसरलेला गुरांचा मळा. त्यातील काही जमीन मालकीची, तर काही राज्याकडून किंवा केंद्र सरकारकडून चराईसाठी भाड्याने घेतलेली.

भाड्याच्या याच सरकारी जमिनीवरून त्या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात वाद पेटला होता. गुरांनी रानाची वाट लावली, ती सरकारी जमिनीवरून हुसकून लावा, असे पर्यावरणवाद्यांचे म्हणणे होते. '१९९३ पर्यंत गुरेमुक्त' अशी घोषणाच निघाली होती. या आरोपात तथ्य नव्हते असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आली, भांडवल आले आणि या रुक्ष प्रदेशात पेलवणार नाहीत इतकी गुरे सोडण्यात आली. १८९० च्या दशकाच्या प्रारंभी दुष्काळ पडला तेव्हा ती हजारोंनी मेली आणि जाताना गवताची मुळेही घेऊन गेली. त्याच्या खुणा आजही आहेत. तथापि, तो अपराध करणाऱ्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढीला शत्रू ठरवून रान परत येणार होते काय, हा खरा प्रश्न होता.

रँचर आणि निसर्गरक्षक यांना एका टेबलाभोवती आणले ते दोन भयांनी. पहिले भय आगीचे, म्हणजे आग न लागण्याचे. पूर्वी या गवताळ प्रदेशात दर काही वर्षांनी विजा पडून वणवे लागत. त्यात मेस्कीटसारखी काटेरी झुडपे जळत आणि पाऊस पडताच गवत पुन्हा फुटे. विसाव्या शतकात सरकारी वनखात्याने प्रत्येक आग विझवण्याचे धोरण अंगीकारले आणि झुडपे गवतावर चढू लागली. रँचरचे चराऊ रान गेले, तसे गवतात घरटे करणाऱ्या पक्ष्यांचे घरही गेले. १९९१ मध्ये जमीनमालकांची इच्छा नसतानाही खात्याने एक आग विझवली, तेव्हा असंतोषाला तोंड फुटले. आपले आणि त्या पर्यावरणवाद्यांचे दुखणे एकच आहे, ही जाणीव स्थानिकांना याच निमित्ताने झाली, असे म्हणता येईल.

दुसरे भय प्लॉट पाडले जाण्याचे. गोमांसाचा भाव पडला, दुष्काळ लांबला किंवा मुले शहरात गेली की रँच विकायला निघते. घेणारा ती वीस-वीस, चाळीस-चाळीस एकरांत तोडतो. रस्ते येतात, कुंपणे येतात, कुत्री येतात आणि हरणाची वाट बंद होते. मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मुळशी-मावळात 'फार्महाऊस प्लॉट'च्या पाट्यांनी जे केले, तेच. मोकळ्या रानात एकाच मालकाची गुरे चरत राहणे वाईट की त्याच रानात शंभर बंगले उभे राहणे वाईट, असा हिशेब मांडला तेव्हा निसर्गरक्षकांनाही रँचर जवळचा वाटू लागला.

या हिशेबाला व्यवहाराचे रूप देण्यात ग्रे रँच या विशाल मालमत्तेचा मोठा वाटा आहे. न्यू मेक्सिकोतील ही सुमारे ३ लाख २१ हजार एकरांची रँच 'द नेचर कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेने १९९० मध्ये विकत घेतली. केंद्र सरकारने ती घेऊन अभयारण्य करावे, असाही विचार होता. त्याला परिसरातून कडाडून विरोध झाला. अखेरीस संस्थेने ती स्थानिक गुरेपालक कुटुंबाशी संबंधित 'अॅनिमस फाउंडेशन'ला विकली. मात्र, विकताना जमिनीचे तुकडे होणार नाहीत अशी कायमची अट दस्तात घातली. गुरे राहिली, मालक स्थानिक राहिला आणि रानही अखंड राहिले.

येथूनच 'ग्रासबँक' म्हणजे गवतपेढीची कल्पना उभी राहिली. ती समजून घेण्यासारखी आहे. समजा, एखाद्या रँचरच्या जमिनीवर दोन वर्षे पाऊस नाही. गुरे तेथेच ठेवली तर उरलेसुरले गवत संपणार. विकली तर मातीमोल भाव येणार आणि वर्षानुवर्षे पारखून तयार केलेला कळप मोडणार. अशा वेळी तो आपली गुरे ग्रे रँचच्या गवतावर नेऊन सोडतो. मधल्या काळात त्याच्या स्वतःच्या रानाला विसावा मिळतो; गवत वाढते, हवे तर नियंत्रित वणवाही लावता येतो. या चाऱ्याची जी किंमत होते तेवढ्याच किमतीचा हक्क तो मालपाई संस्थेला लिहून देतो. हा हक्क असतो जमिनीचे तुकडे पाडण्याचा. शहरी वाचकांना 'टीडीआर' परिचित आहे. तेथे बांधकामाचा हक्क एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेला जातो. येथे तो हक्क कोठेच नेला जात नाही, कायमचा मिटवला जातो. जमीन पुढे कोणीही घेतली, वारसाने आली किंवा लिलावात गेली, तरी अट तिच्यासोबत जाते. अशा करारांखाली या टापूतील ७५ हजार एकरांहून अधिक खासगी जमीन आली आहे. अटीत एक पळवाटही ठेवलेली होती आणि ती महत्त्वाची आहे: सरकारी जमिनीवरचा चराईचा परवाना रँचरच्या दोषाविना काढून घेतला गेला, तर त्याला करारातून मोकळे होता येते. परवानाच गेला तर नुसत्या खासगी तुकड्यावर कळप जगत नाही, हे संस्थेने मान्य केले होते.

व्यवहार चोख असला की विश्वास मागाहून येतो. ७ मार्च १९९६ रोजी वॉर्नर ग्लेन हे रँचर पेलोन्सिलो डोंगरात शिकारी कुत्र्यांसह पहाडी सिंहाच्या मागावर होते. कुत्र्यांनी कड्यावर ज्याला अडवले तो निघाला जग्वार. अमेरिकेतून हा प्राणी नाहीसा झाला, अशीच सर्वसाधारण समजूत होती. ग्लेन यांच्याजवळ बंदूक होती आणि कॅमेराही होता. त्यांनी कॅमेरा उचलला. अमेरिकेच्या भूमीवर मुक्त संचार करणाऱ्या जिवंत जग्वारची ती पहिली छायाचित्रे ठरली. आता ती प्रसिद्ध करायची की पेटीत ठेवायची, हा प्रश्न होता. धोक्यात आलेला प्राणी आपल्या रानात आहे असे जाहीर झाले की सरकारी निर्बंध येतात, हा पश्चिमेतील गुरेपालकांचा अनुभव. म्हणून 'गोळी घाला, गाडा आणि गप्प बसा' हा तेथील अलिखित रिवाज. ग्लेन यांनी छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि संस्थेने जग्वारने गुरे मारल्यास भरपाई देण्यासाठी निधी उभा केला. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, अमेरिकेत जग्वारला संकटग्रस्त प्राण्याचा दर्जा मिळाला. २००६ मध्ये ग्लेन यांना दुसऱ्या जग्वारचे दर्शन घडले, तेव्हाही कॅमेराच पुढे झाला.

असेच चिरिकाहुआ बेडकाचे. नैसर्गिक पाणवठे आटत गेल्यावर हा बेडूक या भागात उरला तो गुरांसाठी बांधलेल्या तळ्यांत. नव्वदच्या दशकातील दुष्काळात एका रँचर कुटुंबाने टाक्या भरभरून पाणी आणून आपल्या तळ्यातले बेडूक जगवले. गुरांसाठी केलेली सोय निसर्गाचा आधार बनू शकते, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा या बेडकांनी अधिक पटवले असावे.

संस्थेचे एक प्रवर्तक बिल मॅकडोनल्ड यांना १९९८ मध्ये प्रतिष्ठेची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आपल्या भूमिकेला ते 'रॅडिकल सेंटर' म्हणत, म्हणजे जहाल मध्यममार्ग. शब्द गमतीचा आहे, पण नेमका आहे. दोन टोकांच्या मध्ये उभे राहणाऱ्यावर दोन्हीकडून दगड येतात. गुरे कोणत्याही रूपात या रुक्ष भूमीला परवडणारी नाहीत, असे म्हणणाऱ्या संघटना तेव्हाही होत्या आणि आजही आहेत. आणि निसर्गरक्षकांशी हातमिळवणी म्हणजे गळ्यात दोर, असे मानणारे रँचरही आहेत. नियंत्रित वणवेदेखील सोपे ठरले नाहीत. एका दुर्मीळ खडखड्या सापाला आणि घायपाताच्या फुलांवर जगणाऱ्या वटवाघळांना आगीची झळ लागेल का, या शंकेपायी परवानग्यांचे घोडे वर्षानुवर्षे अडले. एक वणवा लावायला इतके कागद लागतात, तर वीज काही परवानगी मागत नाही, अशी कुरकुर तेथे ऐकू येणारच.

शिवाय, गावाने केलेला समझोता दिल्ली किंवा वॉशिंग्टन यांना बांधील नसतो. २०२० मध्ये सीमेवरील भिंतीसाठी याच टापूतील ग्वादलुपे कॅन्यनमध्ये सुरुंग लावून डोंगर फोडण्यात आले. ज्या वाटांनी मेक्सिकोतून जग्वार येतो, त्यांवर तीस फूट उंचीचे पोलादी खांब उभे राहिले. तीस वर्षे शेजाऱ्याशी जुळवून घेणाऱ्यांना त्या भिंतीबाबत विचारले गेले नाही.

मालपाईचे अनुकरण इतरत्र झाले, पण प्रत्येक ठिकाणी त्याचे रूप बदलले. मोंटाना राज्यात नेचर कॉन्झर्व्हन्सीने २००० मध्ये मॅटाडोर ही सुमारे ६० हजार एकरांची रँच घेतली आणि तेथे गवतपेढी सुरू केली. शेजारच्या रँचरना तेथे सवलतीत चराई मिळते. त्या बदल्यात त्यांनी आपले अस्पर्श गवताळ रान नांगरायचे नाही. त्यांच्या रानात प्रेअरी डॉग या बिळे करणाऱ्या प्राण्याच्या वसाहती असतील किंवा सेज ग्राउज पक्ष्याच्या नाचाच्या जागा असतील तर सवलत वाढते. ज्या प्राण्याला गुरेपालक उपद्रवी मानत, त्याचीच किंमत पावतीवर उतरते. त्याच मोंटानात 'अमेरिकन प्रेअरी' ही संस्था मात्र जमिनी विकत घेऊन गुरांऐवजी गवे, म्हणजे बायसन, सोडत आहे. २०२२ मध्ये तिला काही सरकारी जमिनीवर बायसन चारण्याची परवानगी मिळाली, तेव्हा राज्य सरकारनेच विरोध केला. 'काउबॉय वाचवा' असे फलक रस्तोरस्ती लागले. पैसा, शास्त्र आणि हेतू या तिन्ही बाबतींत ही संस्था मालपाईपेक्षा कमी नाही. पण तिच्या चित्रात शेजाऱ्याची जागा अस्पष्ट आहे आणि शेजाऱ्याला ते बरोबर कळते.

सेज ग्राउजचा प्रसंग तर अधिक मोठा. पश्चिमेतील ११ राज्यांत आढळणाऱ्या या पक्ष्याला संकटग्रस्त घोषित केले असते तर चराईपासून तेलविहिरींपर्यंत सर्वांवर बंधने आली असती. त्या टांगत्या तलवारीखाली २०१० पासून कृषिखात्याच्या एका योजनेतून रँचरना पैसे व सल्ला मिळू लागला. गवतावर चढलेले जुनिपर काढणे, पक्षी धडकू नयेत म्हणून तारेच्या कुंपणांना चकाकत्या पट्ट्या लावणे, चराईची पाळी बदलणे अशी ती कामे. सप्टेंबर २०१५ मध्ये सरकारने जाहीर केले की पक्ष्याला संकटग्रस्तांच्या यादीत घालण्याची आवश्यकता नाही. हा सहकार्याचा विजय म्हणून मिरवला गेला. पण तलवार नसती तर सहकार्य इतक्या तत्परतेने झाले असते का, याचे उत्तर फारसे अवघड नाही. स्वेच्छेमागे कायद्याचा धाक लागतो, हे सहकार्याच्या गोडव्यात विसरले जाते.

आता आपल्याकडे पाहू. मालपाईचा रँचर निसर्गरक्षकांशी करार करू शकला, कारण त्याच्याकडे देण्याजोगे काहीतरी होते. जमिनीचा दस्त होता, चराईचा परवाना होता. महाराष्ट्रातील गवताळ माळांवर शतकानुशतके मेंढरे चारणाऱ्या धनगराकडे यातले काय आहे? पावसाळ्यात माणदेश, फलटण, बारामती, इंदापूरचा माळ आणि दिवाळीनंतर घाट उतरून कोकण, असा त्याचा वाडा फिरतो. शेतात रात्रभर मेंढरे बसवली की शेतकरी धान्य किंवा पैसे देतो, एवढाच त्याचा तोंडी करार. ज्या माळावर तो चारतो तो कागदोपत्री वनखात्याचा, महसुलाचा किंवा गायरान. आणि सरकारी नकाशात बहुधा 'पडीक'. पडीक म्हटले की त्यावर झाडे लावायला, सौर प्रकल्प किंवा औद्योगिक वसाहत उभारायला मोकळीक. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली, तेव्हा माळावर खड्डे खणणे हे पुण्यकर्मच ठरले होते. ज्या माळावर चिंकारा, लांडगा, खोकड आणि धाविक राहतात तेथे ग्लिरिसिडियाच्या रांगा उभ्या करणे म्हणजे हिरवाई वाढवणे नव्हे, हे कोणी मोठ्याने म्हटले नाही.

गुरांना दोषी धरण्याची घाई कशी अंगलट येते, याचा धडा खुद्द मुंबईच्या 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'ने दिलेला आहे. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ मध्ये चराईबंदी झाली. ती व्हावी असे सांगणाऱ्यांत सलीम अली यांच्यासारखे पक्षितज्ज्ञ होते. ग्रामस्थांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि माणसे दगावली. पुढे सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी दशकभर केलेल्या अभ्यासातून दिसले ते विपरीत होते: म्हशी गेल्यावर पाणथळीत गवत माजले, उघडे पाणी कमी झाले आणि त्याचा त्रास पक्ष्यांनाच झाला. स्वतःच्या संस्थेच्या शिफारशीविरुद्ध जाणारा निष्कर्ष छापण्याचा हा प्रामाणिकपणा नोंद घेण्याजोगा आहे. त्या धड्याचा आपल्या धोरणावर परिणाम किती झाला, हे मात्र विचारू नये. आदर्श गावांच्या संकल्पांत कुऱ्हाडबंदीच्या जोडीला चराईबंदी आजही मानाने बसलेली आहे. पाणलोटाच्या प्रारंभीच्या वर्षांत तिचा उपयोग झालाही. पण त्या गावाच्या ग्रामसभेत बसायला जागा नसलेल्या मेंढपाळाने तिची किंमत मोजली.

सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोक अभयारण्याची कथा तर सर्वश्रुत आहे. १९७९ मध्ये ते ८,४९६ चौरस किलोमीटर एवढे घोषित झाले. त्यात गावे आली, शेते आली, बाजारपेठाही आल्या. जमिनीचे व्यवहार अडले आणि माळढोक हा लोकांच्या लेखी सातबाऱ्यावरचा बोजा झाला. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले, पण तोपर्यंत पक्षी बोटांवर मोजण्याइतकेही राहिले नव्हते. योगायोग असा की, हा उरलेला आकार जवळजवळ ग्रे रँचएवढाच आहे. एका ठिकाणी जमीनमालकाला किंमत देऊन अट घातली गेली. दुसऱ्या ठिकाणी न विचारता रेघ ओढली गेली.

लांडग्याच्या बाबतीत तर धनगराने मालपाईच्या कितीतरी आधी सहनशीलता दाखवली आहे. कळपातले कोकरू गेले तर तो हळहळतो, पण लांडग्याचाही वाटा असतो, ही भावना अनेक वाड्यांत आजही आहे. भरपाईची सरकारी योजना आहे. मात्र तिच्यासाठी ठरावीक मुदतीत खबर द्यावी लागते, मृत जनावर जागेवर ठेवावे लागते, पंचनामा व्हावा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याचा वाडा दहा किलोमीटर पुढे जाणार आहे, त्याने हे कसे करायचे? अलीकडे पुणे वनविभागाने शिरसुफळ, कडबनवाडी या माळांवर पर्यटकांसाठी गवताळ सफारी सुरू केली. माळालाही तिकीट लागू शकते, म्हणजे तो पडीक नाही, एवढे यातून मान्य झाले. तिकिटाच्या पैशातून मेंढपाळाच्या कोकराचे मोल देता येईल का, हा पुढचा प्रश्न वनविभागाने स्वतःहून विचारला तर बरे.

कायद्यात वाट नाही असे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्टपणे नमूद केलेला आहे. तो मिळाला तर धनगर वनखात्यासमोर अर्जदार म्हणून नव्हे, तर हक्कदार म्हणून बसेल. मग अमुक माळ अमुक महिने मोकळा ठेवतो, त्या बदल्यात तमुक कुरण द्या, अशी मालपाईसारखी बोलणी होऊ शकतील. अडचण पुराव्याची आहे. अनुसूचित जमातींबाहेरच्या दावेदाराला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास आणि वनांवरील अवलंबन दाखवावे लागते. वर्षातील आठ महिने जिल्हे ओलांडत फिरणाऱ्या माणसाने कोणत्या गावच्या वनहक्क समितीकडे दावा दाखल करायचा आणि त्याच्या वाटेवरच्या इतर गावांनी तो का मानायचा, याची कार्यपद्धती राज्य सरकारने ठरवणे बाकी आहे.